चित्रकथेची पूरक कादंबरी

लोकप्रिय चित्रकथेवर बेतलेली कादंबरी म्हणजे निव्वळ व्यापार, असा समज आहे. तो तपासू. रॉबर्ट कर्कमन यांच्या ‘द वॉकिंग डेड’ (२००३–२०१९) या अमेरिकी चित्रकथामालेत प्रेते उठून माणसांना खातात. तीतील क्रूर गव्हर्नरचा पूर्वेतिहास कर्कमन व जे बोनान्सिंगा यांनी ‘राइज ऑफ द गव्हर्नर’ (२०११) या कादंबरीत सांगितला. फिलिप ब्लेक मरतो आणि त्याचा भित्रा भाऊ ब्रायन त्याचे नाव धारण करतो, हे अखेरीस उलगडते. आता चित्रकथा पुन्हा वाचावी : साखळीने बांधलेली प्रेतरूप पेनी गव्हर्नरची मुलगी नव्हे, पुतणी ठरते! एकही चित्र न बदलता अर्थ पालटतो. झुंडींच्या हल्ल्यांची वर्णने मात्र कंटाळवाणी वाटतात. चित्रात त्यांना एक चौकट पुरते.