ई-स्पोर्ट्सची पदवी : प्रवेश घेण्यापूर्वी

दहावी-बारावीच्या निकालानंतर मार्गदर्शनासाठी येणाऱ्या पालकांच्या प्रश्नांत अलीकडे एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. मोबाइलवर वा संगणकावर गेम खेळण्याचीही म्हणे विद्यापीठात पदवी मिळते आणि मुलाला तीच घ्यायची आहे. हे खरे समजावे काय? प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या घरात पहिली वा दुसरी पिढी पदवीपर्यंत पोहोचली आहे, त्या घरात पदवीची तीन-चार वर्षे कोणत्या विषयाला द्यावीत हा निर्णय साऱ्या कुटुंबाचा असतो. म्हणून या विषयाची आम्हांस असलेली माहिती येथे सविस्तर मांडत आहोत.

प्रथम उत्तर देतो. होय, अशी पदवी आहे. मात्र ती खेळण्याची पदवी नव्हे, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

संघ करून, नियमांनुसार, पंचांच्या देखरेखीखाली व प्रेक्षकांसमोर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात. २०१८ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांचा प्रात्यक्षिक स्वरूपात समावेश झाला आणि भूज येथील तीर्थ मेहता यांनी 'हार्थस्टोन' या पत्त्यांच्या धर्तीवरील खेळात भारतासाठी कांस्यपदक मिळविले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिली व हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. पुढे २०२३ मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सच्या सात प्रकारांत पदके दिली गेली. तेव्हा हा केवळ पोरखेळ आहे, असे आता म्हणता येत नाही.

विद्यापीठे या क्षेत्रात दोन निरनिराळ्या वाटांनी आली. अमेरिकेत शिकागोच्या रॉबर्ट मॉरिस विद्यापीठाने २०१४ मध्ये 'लीग ऑफ लेजेंड्स' या खेळाचा संघ उभारून खेळाडूंना शिष्यवृत्ती दिली. तेथे विद्यार्थी खेळत संघाकडून, परंतु शिकत मात्र अन्य विषय. आपल्याकडे महाविद्यालयाच्या कबड्डी संघातील मुलगा वाणिज्य शाखेत शिकतो, तसेच हे. दुसरी वाट इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर विद्यापीठाची. तेथे २०१८ मध्ये ई-स्पोर्ट्स याच नावाची बी.ए. पदवी सुरू झाली. चीनच्या शिक्षण मंत्रालयाने तर २०१६ मध्येच व्यावसायिक शिक्षणाच्या यादीत ई-स्पोर्ट्स व्यवस्थापनाचा समावेश केला होता.

या पदवीत शिकवतात काय? स्पर्धेचे आयोजन, त्याचा खर्च व प्रायोजक, थेट प्रक्षेपण, समालोचन, संघाचे व्यवस्थापन, विपणन, कायदा व करार. एका मोठ्या सामन्यामागे किती माणसे राबतात हे पाहिले की अभ्यासक्रमाची रचना आपोआप उलगडते. मैदानावरील क्रिकेट दाखविण्यास छायाचित्रक लागतो, तसाच येथे खेळाच्या आभासी जगात फिरून योग्य क्षणी योग्य खेळाडू पडद्यावर आणणारा निरीक्षक लागतो. शंभर खेळाडू एकाच वेळी लढत असताना पुढची चकमक कोठे होणार याचा अंदाज बांधणे हे त्याचे कौशल्य. समालोचक लागतात, आकडेवारी मांडून प्रतिस्पर्ध्याची चाल ओळखणारे विश्लेषक लागतात, लबाडी पकडणारे पंच लागतात. सर्व्हर व नेटवर्क सांभाळणारे तंत्रज्ञ तर आधी लागतात. खेळाडू मात्र बहुधा विशीच्या आरंभीच शिखरावर असतो, आणि पदवी हाती येईतो त्याची ती वर्षे सरत आलेली असतात. उत्तम खेळाडू होण्यासाठी ही पदवी लागत नाही आणि ही पदवी घेतल्याने कोणी उत्तम खेळाडू होत नाही.

विदर्भाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. अमरावतीत १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले, तेव्हा आखाडा हा काही शिक्षणाचा विषय समजला जात नव्हता. त्याच मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली आणि कालांतराने तेथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालयही उभे राहिले. मद्रासला १९२० मध्ये, ग्वाल्हेरला १९५७ मध्ये अशाच संस्था निघाल्या. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेले सारेच काही विजेते मल्ल वा धावपटू झाले नाहीत. ते शाळाशाळांतून क्रीडाशिक्षक झाले, पंच झाले, प्रशिक्षक झाले. आपल्या शाळेत शिट्टी वाजवून कवायत घेणारे सर ज्यांना आठवतात, त्यांना खेळाच्या पदवीचा उपयोग वेगळा सांगावयास नको.

परंतु ही तुलना एका ठिकाणी तुटते, आणि ते ठिकाण पालकांनी नीट पाहावे. कबड्डी कोणाच्या मालकीची नाही. व्हिडिओ गेम मात्र कंपनीच्या मालकीचा असतो. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पब्जी मोबाइलवर बंदी घातली. जुलै २०२१ मध्ये त्याची भारतीय आवृत्ती 'बीजीएमआय' आली, ती जुलै २०२२ मध्ये ॲप दुकानांतून हटली आणि मे २०२३ मध्ये परतली. फ्री फायर हा गावोगावी खेळला जाणारा गेम फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदीच्या यादीत गेला. या प्रत्येक वेळी वर्षानुवर्षे सराव केलेले खेळाडू एका दिवसात रिकामे झाले. सरकारी आदेशच लागतो असेही नाही. हार्थस्टोनची मालक कंपनी आणि तिची चीनमधील भागीदार कंपनी यांचा करार संपला आणि तो खेळ हांगझोऊच्या कार्यक्रमातून वगळला गेला. ज्या खेळात भारताने पूर्वी पदक घेतले होते तोच पटलावरून नाहीसा झाला. ऑलिम्पिक समितीने २०२४ मध्ये सौदी अरेबियाच्या साहाय्याने ई-स्पोर्ट्सचे स्वतंत्र ऑलिम्पिक घोषित केले होते, तो करारही २०२५ मध्ये संपुष्टात आला. यास्तव ज्या अभ्यासक्रमात एखाद-दुसऱ्या गेमचीच तयारी करून घेतली जाते, तो आम्हांस वाळूवरचे घर वाटतो. प्रक्षेपण, संगणकशास्त्र, हिशेब, लेखन ही कौशल्ये गेम बदलला तरी हातून जात नाहीत.

आपल्या देशात प्रामुख्याने आढळणारे अभ्यासक्रम गेम खेळण्याचे नसून गेम घडविण्याचे आहेत. राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डिजिटल गेम डिझाइनचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्या-मुंबईकडील खासगी संस्थांतही गेम डिझाइन व ॲनिमेशन शिकवले जाते. मुंबईत जुलै २०२५ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही संस्था पेडर रोडवरील संकुलात सुरू झाली असून ॲनिमेशन, दृश्य-परिणाम यांबरोबर गेमिंग हाही तिचा विषय आहे. चित्रकलेत गती असणारा आणि गणिताला न घाबरणारा विद्यार्थी या वाटेने जाऊ शकतो. नागपूर जिल्ह्याच्या उत्तरेस लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातील उमरानाला या गावच्या पायल धारे गेमिंगचे थेट प्रक्षेपण करून देशभर ठाऊक झाल्या. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी भेटीस बोलावलेल्या सात गेमरमध्ये त्या होत्या. आमची मुले हे उदाहरण हमखास देतात. उदाहरण खरेच आहे, आणि आपल्याच भागातील एका मुलीचे असल्याने अधिकच मोलाचे आहे. पण ही ओळख स्पर्धांतून वा गेमिंगच्या पदवीतून नव्हे, तर प्रेक्षकांशी जुळलेल्या संवादातून मिळाली, हेही मुलांना दाखवून द्यावे.

एक व्यावहारिक अडचण जिल्ह्याबाहेर फारशी बोलली जात नाही. आपली मुले खेळतात मोबाइलवर, तर परदेशी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा मुख्यतः भारी संगणकांवर चालतात. बोटाने केलेली कृती सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्यास लागणारा वेळ 'पिंग' म्हणून ओळखला जातो; तो सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजतात. नेम धरून मारण्याच्या खेळात हा वेळ वीसऐवजी दीडशे झाला, की आधी नेम धरणारा हरतो आणि नंतर धरणारा जिंकतो. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगावच्या जंगलपट्ट्यात नेटवर्क कसे चालते हे वाचकांस ठाऊकच आहे. तेथील मुलगा हरला तर दोष त्याच्या बोटांचाच असेल असे नाही.

आणखी एक भेद घरोघरी स्पष्ट असावा. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला संपत्तिनाशाची जी सहा द्वारे सांगितली, त्यांत जुगार आहे. पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन गेम आणि ई-स्पोर्ट्स एकच, असे समजून काही पालक दोन्हींना शिव्या देतात. काही मुले नेमकी याच गोंधळाचा आडोसा घेतात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन अधिनियमाने ही रेषा आखली आहे. पैसे लावण्याचे गेम चालविण्यास तीन वर्षांपर्यंत कारावास वा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही; ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता. स्पर्धेचे प्रवेशशुल्क व बक्षीस चालते, डाव लावणे चालत नाही. व्यसनाबाबतही एवढे सांगणे पुरे, की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग विकार' नोंदलेला आहे. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे ही त्याची लक्षणे. ती साधारणपणे वर्षभर टिकली तर निदान होते. आठवड्यातून दोन संध्याकाळी खेळणाऱ्या मुलाला हे नाव लावू नये.

आता प्रवेशाचा प्रश्न. पदवीची नावे विद्यापीठ अनुदान आयोग निश्चित करतो, बी.ए., बी.एस्सी., बी.डेस., बी.व्होक. ही त्यांपैकी होत. माहितीपत्रकावर मोठ्या अक्षरांत 'ई-स्पोर्ट्स' आणि तळाशी बारीक अक्षरांत 'प्रमाणपत्र' असे असेल, तर ती पदवी नव्हे. शहरात एखाद्या इमारतीच्या मजल्यावर वर्ग चालतो आणि पदवी दूरच्या खासगी विद्यापीठाची मिळेल असे सांगितले जाते, तेव्हा विशेष सावध राहावे. अशा विद्यापीठांना बाहेरच्या संस्थेस आपली शाखा चालविण्यास देता येत नाही. आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची व बनावट विद्यापीठांचीही यादी असते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी तो अभ्यासक्रम व ती संस्था महाडीबीटीवर आहे की नाही हे शुल्क भरण्याआधी पाहावे, नंतर नव्हे. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतर इंग्लंडला ई-स्पोर्ट्सची पदवी घ्यावयास जाणाऱ्यास तिचा आधार मिळणार नाही.

धानाचे चुकारे हाती येण्याच्या आशेवर कर्ज काढून पहिल्या वर्षाची फी भरणारी कुटुंबे आमच्या पाहण्यात आहेत. त्यांना आमचे सांगणे असे, की मुलाने राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात संगणकशास्त्र, वाणिज्य किंवा जनसंवाद घ्यावा आणि पहिल्या दोन वर्षांत आपल्या महाविद्यालयात एक तरी स्पर्धा स्वतः भरवून, तिचे प्रक्षेपण व मराठीतून समालोचन करून दाखवावे. त्यास खर्च जवळजवळ नाही. हे काम त्याला आवडले, तर गेमिंगचा विशेष अभ्यासक्रम पदवीनंतरही करता येतो. न आवडले, तर हाती पदवी असतेच.