हवेवर चालणारी गाडी

आमच्या कळंबची जमीन काळी. पावसाळ्यात चाक रुतलं की सहजी सोडत नाही. मी लहान असताना आजारी अम्मीला रात्री यवतमाळच्या दवाखान्यात नेताना जीप शिवारातच फसली. मामूंनी चारही चाकांतली थोडी हवा सोडली अन् जीप निघाली. डांबरी रस्ता लागताच मात्र ते हातपंपाने हवा भरत बसले. मी रडकुंडीला आलो.

गाडीचं वजन टायरातली हवा पेलते. दाब निम्मा केला, की जमिनीला टेकणारा भाग जवळजवळ दुप्पट होतो. चिखलात हा आधार. कडक रस्त्यावर मात्र टायर दर फेऱ्याला जास्त दबतो, तापतो. पेट्रोल जास्त जातं, टायर फाटूही शकतो.

जुन्या मोटारींना हे फार जाचलं. १८९५ मध्ये मिशेलिन बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार पळवली, ती पंक्चर काढत काढतच. तेव्हाच्या अरुंद टायरांची कड हवेच्या दाबानेच रिममध्ये अडकून राही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला सुमारे ६० पौंड हवा लागे, ती कमी पडली, तर वळणावर टायर निखळण्याची भीती. १९२३च्या सुमारास रुंद ‘बलून’ टायर आले अन् ३० पौंडांच्या आसपास भागू लागलं. धक्के कमी झाले.

मामू म्हणाले होते, “बेटा, टायर फुटला तर अम्मीला पोहोचवशील कसा?”

अम्मी वेळेत पोहोचली. आजही प्रवासाला निघण्यापूर्वी, टायर थंड असतानाच, मी हवा तपासतो.