फिट, अर्धशिशी आणि पेशींची दारं

‘मेंदूत वीज जास्त झाली की फिट येते. वीज दाबली की काम झालं.’ मेंदूविकाराच्या ओपीडीबाहेर हे हमखास ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच.

मेंदूच्या पेशींवर प्रथिनांची बारीक दारं असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. सोडियमचं दार जेमतेम मिलिसेकंदभर उघडतं आणि तेवढ्यात संदेश पुढे सरकतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही जुनी, स्वस्त औषधं हीच दारं अडवतात आणि पुष्कळांना त्यांचा चांगला गुण येतो. मग ज्या बाळाची ही दारं जन्मतःच अधू आहेत, त्याला फिट यायलाच नको! पण घडतं उलट.

फ्रान्सच्या डॉ. शार्लट द्राव्हे यांनी १९७८ मध्ये एका आजाराचं वर्णन केलं. पहिल्या वर्षातच, बहुधा तापात, लांबलेली फिट येते आणि मग येतच राहतात. २००१ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांना कारण सापडलं: एससीएन१ए या जनुकातला बिघाड. या जनुकापासून घडणारं सोडियम चॅनेल सर्वांत जास्त लागतं ते इतर पेशींना आवर घालणाऱ्या पेशींना. त्याच लुळ्या पडल्या की बाकीच्या मोकाट सुटतात. अशा बाळाला कार्बामाझेपिन दिलं, तर उरलासुरला आवरही जातो आणि फिट वाढतात. ‘डोस वाढवून बघू’ इथे घातक ठरू शकतं. म्हणूनच इथे जनुकचाचणीला मी चैन मानत नाही. कुठलं औषध टाळायचं, हे तीच सांगते.

‘लस टोचली आणि चांगलं बाळ बिघडलं’ हा समज याच आजारातून बळावला. ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युअल बेरकोविच आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशी १४ प्रकरणं तपासली. डांग्या खोकल्याच्या लशीनंतर ७२ तासांत पहिली फिट आली होती आणि दोष लशीवर गेला होता. त्यांतल्या ११ जणांत एससीएन१एचा बिघाड निघाला. लशीच्या तापाने पहिली फिट लवकर आली असेल, पण आजार जन्माआधीच ठरलेला होता. ‘कुणाच्या घराण्यातून आलं?’ हा प्रश्नही सोडून द्यावा. बहुतेक मुलांत हा बदल नव्यानेच झालेला असतो, आईवडिलांत नसतो. त्या आईला हे कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं.

अर्धशिशीचंही तसंच. उलटी झाली की डोकं उतरतं, म्हणून आपण पित्ताला धरतो. मळमळ हे कारण नव्हे, तो त्या झटक्याचाच भाग आहे. चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या वेदना वाहणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची टोकं मेंदूच्या आवरणापाशी सीजीआरपी नावाचं ३७ अमिनो आम्लांचं पेप्टाइड सोडतात. झटका चालू असताना मानेच्या शिरेतल्या रक्तात ते वाढलेलं असतं, हे पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० मध्ये दाखवलं.

त्यातून आलेलं एरेनुमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत २०१८ मध्ये मंजूर झालं. मेंदूचं औषध मेंदूत शिरलंच पाहिजे, हा समज इथे गळून पडतो. हा मोठा रेणू रक्त आणि मेंदू यांमधला अडसर फारसा ओलांडत नाही. तो सीजीआरपीचा ग्राहक (रिसेप्टर) अडवतो, तोही मुख्यतः अडसराबाहेरच्या नसांवर. काहींचे महिन्यातले दुखण्याचे दिवस निम्म्यावर येतात, काहींना मात्र अजिबात फरक पडत नाही.