असाइनमेंट उशिरा दिली. शिक्षा किती असावी?

मुंबई, प्रतिनिधी

सत्र संपत आले की महाविद्यालयांत सबमिशनची धावपळ सुरू होते. स्टाफरूमबाहेर जर्नल घेऊन विद्यार्थी ताटकळत उभे असतात आणि ‘सर, उद्या दिले तर चालेल का?’ हा प्रश्न वारंवार कानी पडतो. त्याचे उत्तर मात्र प्राध्यापकागणिक बदलते. कोणी एका दिवसाचीही सवलत देत नाही, कोणी गुण कापतो, तर कोणी काही न बोलता सही करतो. एकाच विद्यार्थ्याला एका दिवसाच्या उशिराबद्दल तीन विषयांत तीन वेगळे न्याय मिळू शकतात.

वार्षिक परीक्षेवरच सारा निकाल ठरत असे, तेव्हा ही बाब किरकोळ होती. मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकावर आधारित सत्र पद्धती आणली आणि अंतर्गत गुणांना महत्त्व आले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनावर भर दिला आहे. अभियांत्रिकीत तर टर्म वर्क पूर्ण नसल्यास टर्म नाकारली जाण्याची टांगती तलवार असते. त्यामुळे उशिराचा नियम आता थेट निकालाशी जोडला गेला आहे.

शून्य की वजावट?

हा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. अंतर्गत मूल्यमापन ४० गुणांचे आहे, त्यात असाइनमेंटला १० गुण आहेत आणि उत्तीर्ण होण्यास १६ गुण हवेत, असे समजू. एका विद्यार्थ्याला उरलेल्या ३० पैकी १२ गुण मिळाले. त्याची असाइनमेंट ८ गुणांच्या दर्जाची आहे, पण ती दोन दिवस उशिरा आली. दररोज एक गुण कापला, तर त्याची बेरीज १८ होते आणि तो उत्तीर्ण होतो. उशिरा आलेल्या कामाला जास्तीत जास्त ४ गुण, असा नियम असल्यास तो १६ गुणांवर काठावर तरतो. उशिरा आलेले काम स्वीकारायचेच नाही, असा नियम असल्यास १२ गुणांवर अनुत्तीर्ण ठरतो. म्हणजेच त्याचा निकाल त्याच्या अभ्यासापेक्षा प्राध्यापकांच्या धोरणावर ठरतो.

प्राध्यापकांची अडचण

कठोर नियमामागे केवळ हेका असतो, असे मानणे अन्यायाचे होईल. मोठ्या वर्गाच्या असाइनमेंट तपासून ठरलेल्या दिवशी गुण परीक्षा विभागाकडे पाठवायचे असतात. तपासलेल्या वह्या वर्गात परत दिल्यानंतर आलेले काम स्वतःचे की मित्राच्या वहीतून उतरवलेले, हे ओळखणे कठीण असते. शिवाय रात्र जागून वेळेत काम देणाऱ्याला आणि आठवड्याने देणाऱ्याला सारखेच गुण मिळाले, तर पहिल्यावर अन्याय होतो. मुदत पाळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हा युक्तिवादही नाकारता येत नाही.

मागेल त्यालाच सवलत

तरीही सरसकट एकच मोजमाप लावल्याने न्याय होतोच असे नाही. सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर नोकरी करणारा, कर्जत किंवा विरारहून लोकलने येणारा, घरातील आजारी माणसाची शुश्रूषा करणारा विद्यार्थी आणि महाविद्यालयाशेजारी राहणारा विद्यार्थी यांच्याकडील वेळ सारखा नसतो. २६ जुलै २००५ च्या महापुरासारखे संकट साऱ्या शहरावर कोसळते, तेव्हा कोणी पुरावा मागत नाही. एकाच घरावर कोसळलेले संकट मात्र सिद्ध करून दाखवावे लागते.

कठोर नियमापेक्षाही अधिक अन्याय अलिखित सवलतीने होतो. सरांशी मोकळेपणाने बोलू शकणारा विद्यार्थी दोन दिवसांची मुदत सहज मिळवतो. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेला, इंग्रजीत विनंती करण्यास बिचकणारा विद्यार्थी मात्र विचारतही नाही आणि गुण गमावतो. प्राध्यापकांचा हेतू कितीही चांगला असला, तरी अशी सवलत गरजेपेक्षा धिटाईला मिळते.

आणखी एक विसंगती आहे. दुसऱ्याचे जर्नल जसेच्या तसे उतरवून वेळेत देणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात, तर स्वतः प्रयोग समजून घेऊन एक दिवस उशिरा लिहिणाऱ्याचे गुण जातात. केवळ तारखेवर बोट ठेवणारा नियम नकलेलाच उत्तेजन देतो.

नियम कसा असावा?

यावर मध्यममार्ग आहे. उशिराचा नियम सत्राच्या पहिल्या आठवड्यातच लेखी द्यावा आणि एका विभागातील सर्व विषयांना तो शक्यतो समान असावा. वजावट दिवसागणिक वाढावी, मात्र तिला मर्यादा असावी. आधी कामाच्या दर्जाचे गुण द्यावेत आणि उशिराची वजावट त्यापुढे स्वतंत्र दाखवावी. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत संगणकशास्त्राच्या वर्गांना सत्रासाठी ठरावीक ‘लेट डेज’ दिले जातात. कारण न सांगता ते वापरता येत असल्याने विनवण्याही टळतात आणि खोटी वैद्यकीय प्रमाणपत्रेही. दीर्घ आजार किंवा घरातील मृत्यू यांसाठी वेगळी तरतूद हवीच. अपंग विद्यार्थ्यांना गरजेनुसार सोय देणे ही तर मेहेरबानी नव्हे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने संस्थांवर टाकलेली ती जबाबदारी आहे.

दाद कोठे मागावी?

अन्याय झाल्याचे वाटल्यास प्रथम संबंधित प्राध्यापक, नंतर विभागप्रमुख आणि प्राचार्य यांच्याकडे लेखी अर्ज करणे श्रेयस्कर. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार संस्थांत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असणे आवश्यक आहे. मूल्यमापनातील अपारदर्शक किंवा अन्याय्य पद्धत हा तक्रारीचा विषय होऊ शकतो. समितीच्या निर्णयाने समाधान न झाल्यास लोकपालाकडे अपील करता येते. अर्थात नियम आधी लेखी दिलेला असेल, तरच तो मोडला की पाळला, याचा निवाडा सोपा होतो. तोंडी नियमाच्या बाबतीत विद्यार्थ्याच्या हाती पुरावा नसतो आणि प्राध्यापकांच्या हातीही.