साउंड बाथसाठी काय घ्यायचं? आवाज संपतो कसा, ते ऐका

ही आजच्या एपिसोडची लेखी आवृत्ती. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.

विषय आहे साउंड बाथ. म्हणजे आडवं पडायचं, डोळे मिटायचे आणि वाडगे, घंटा, तानपुरा यांचा आवाज अंगावरून वाहू द्यायचा. ध्यानाचाच हा एक प्रकार. घरी किंवा चार मित्रांसाठी हे करायचं, तर सामान कोणतं घ्यायचं?

प्रश्न साधा वाटतो, पण यात दोन गोष्टी पणाला लागतात. एक, तुमचे पैसे, कारण अख्खा सेट एका क्लिकवर ईएमआयवर मिळतो आणि दोन महिन्यांत शोकेसमध्ये जातो. दोन, समोर डोळे मिटून पडलेल्या माणसाचे कान. त्याने ते विश्वासाने तुमच्या हाती दिलेले असतात.

माझं सूत्र एकच: आवाज सुरू कसा होतो ते नाही, संपतो कसा ते ऐका. देवळातली घंटा आठवा. 'टण्ण' एका क्षणात होतं, पण नंतर जे घुमत राहतं तो खरा नाद. साउंड बाथ सगळा त्या नंतरच्या भागात असतो.

धातूचा वाडगा

जाहिरातीत 'सात धातूंचा' असं लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. चांगला वाडगा मुख्यतः कांशाचा असतो, म्हणजे तांबं आणि कथील. पायाला तेल लावून घासायची आजीची काशाची वाटी आठवतेय? त्याच जातीचा धातू. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याचा नाद सहसा लवकर मिटतो.

दुकानात अशी परीक्षा घ्या. वाडगा तळहातावर किंवा कापडी चुंबळीवर ठेवा. बोटांनी कडा धरू नका. मऊ टोलाच्या दांडीने एकदाच हलका टोला द्या आणि फोनवर स्टॉपवॉच लावा. हाताएवढ्या वाडग्याचा नाद अर्धा मिनिट तरी स्पष्ट ऐकू यायला हवा. मध्येच खरखर आली तर बारीक तडा असू शकतो, तो वाडगा परत ठेवा.

आता 'वॉव… वॉव…' अशी लाट ऐका. हाताने ठोकलेला वाडगा अगदी गोल नसतो, त्यामुळे एका स्वराचे दोन जवळजवळचे स्वर होतात. एक २०० हर्ट्झ आणि दुसरा २०३ असेल, तर सेकंदाला ३ लाटा येतात. लाट संथ असेल तर ऐकायला शांत वाटतं. फार भरभर असेल तर बेचैनी वाटते. दोन वाडगे घ्यायचे असतील तर दोन्ही एकत्र वाजवूनच घ्या, कारण एकेकटे गोड वाटणारे वाडगे एकमेकांशी भांडू शकतात.

आणि ते '४३२ हर्ट्झ' प्रकरण? वाडग्यातून एकाच वेळी अनेक स्वर निघतात. एका आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

क्रिस्टल बाउल

इंजिनियर मंडळींना ही गोष्ट आवडेल. कंप्युटर चिपसाठी सिलिकॉन वितळवायला क्वार्ट्झची भांडी वापरतात, हे बाउल त्याच घराण्यातले. नाव क्रिस्टल असलं तरी रचनेने ती काचच. नाद खूप लांब आणि मोठा असतो. छोट्या खोलीत तो कानात घुसतो, आणि एसटीतून न्यायचं म्हटलं तर जीव मुठीत. पहिली खरेदी म्हणून मी हे सुचवणार नाही.

गाँग

गाँगचा आवाज टोल्यानंतरही वाढत जातो. म्हणून आधी हलके टोले देत तो 'जागा' करायचा असतो. जोरात मारला तर जवळच्या माणसाचे कान दुखावतील. फोनमध्ये डेसिबल मोजायचं फुकट अ‍ॅप टाका. ते अंदाजच देतं, पण आकडा ८५ च्या वर जाऊ लागला तर हात आवरा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांचाही विचार करा.

तानपुरा

सगळेच वाडग्यांच्या मागे लागतात आणि घरचं विसरतात. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. तारेखाली सुताचा धागा सरकवून जी जवारी लावतात, तिच्यामुळे स्वर संपतच नाही, एक मिटायच्या आत दुसरा उमलतो. वाडग्यांच्या मधली शांतता तो अलगद भरून काढतो. खरा तानपुरा परवडत नसेल तर तानपुरा अ‍ॅप आणि एक बरा स्पीकर चालेल. फक्त वाडग्याचा स्वर आणि तानपुऱ्याचा सा जुळवून घ्या.

बाकीचं सामान

सगळ्यात मोठं वाद्य म्हणजे खोली. एकदा टाळी वाजवून बघा. टाइल्सवरून कर्कश प्रतिध्वनी आला तर सतरंजी, पडदे, गाद्या वाढवा. पंखा आणि फ्रिज किती आवाज करतात, तेही तेव्हाच कळेल. जाड मॅट, चादर, डोळ्यांवर ठेवायला सुती रुमाल, एवढं पुरे.

ऑनलाइन सेशन घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. कॉलिंग अ‍ॅपला लांब चालणारा नाद म्हणजे गोंगाट वाटतो आणि ते तो कापून टाकतं. झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. ऐकणाऱ्यांना हेडफोन लावायला सांगा, कारण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर नीट येत नाहीत. याच कारणासाठी व्हिडिओ बघून वाडगा मागवू नका.

एक महत्त्वाचं: हे विश्रांतीसाठी आहे, उपचार नव्हे. कुणाला फिट्स येत असतील, पेसमेकर असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. वाडगा कुणाच्याही अंगावर न विचारता ठेवू नका.

सुरुवात कशाने करायची? एक कांशाचा वाडगा, एक चुंबळ, एक मऊ दांडी आणि तानपुरा अ‍ॅप. महिनाभर रोज दहा मिनिटं वाजवा. टोला द्या आणि नाद पूर्ण मिटेपर्यंत दुसरा देऊ नका. तेवढा धीर जमला की दुसरा वाडगा कोणता हवा, ते तुमचे कानच सांगतील.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. ऐकत राहा!