पासष्टचा पाढा आणि ऐंशी तासांची तूट

३६ अधिक २३ अधिक २५ बरोबर ८४. त्यात १ मिळवला की ८५. अमेरिकेत गाजलेली 'रोबोटेक' ही मालिका या बेरजेतून जन्माला आली.

१९८५ साली हार्मनी गोल्ड या कंपनीने ती आणली. तिथल्या पोरांना ती परग्रहावरच्या आक्रमकांशी तीन पिढ्या चाललेल्या लढ्याची सलग कथा वाटली. जपानमध्ये मात्र अशी कथा कुणी लिहिलेलीच नव्हती. तिथे तीन स्वतंत्र मालिका होत्या. 'मॅक्रॉस'चे ३६ भाग, 'सदर्न क्रॉस'चे २३ आणि 'मोस्पेडा'चे २५. पात्रं वेगळी, काळ वेगळा, शत्रूही वेगळे. 'रोबोटेक'चे निर्माते कार्ल मेसेक यांनी त्या एकापुढे एक जोडल्या, संवाद नव्याने लिहून घेतले, आणि पहिल्या दोन मालिकांमधला सांधा दिसू नये म्हणून जुन्याच दृश्यांचे तुकडे जोडून मध्ये एक जादा भाग घातला. तो पंच्याऐंशीवा.

एवढा खटाटोप एका आकड्यासाठी होता. तो आकडा ६५. अमेरिकेत गावोगावची छोटी दूरचित्रवाणी केंद्रं मुलांच्या मालिका विकत घेत आणि सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवत. आठवड्याचे पाच भाग आणि तिमाहीचे तेरा आठवडे, म्हणजे ६५ भाग. त्याहून कमी माल असेल तर गिऱ्हाईक फिरकत नसे. जपानमध्ये हिशेब आठवड्याचा. आठवड्याला एक भाग दाखवला की २६ भागांत अर्धं वर्ष निघतं आणि ५२ भागांत अख्खं. 'मॅक्रॉस' तिथे आठ-नऊ महिने चालली. तेच ३६ भाग अमेरिकेत रोज लावले असते तर सात आठवडे आणि वर एक सोमवार, की खेळ खलास.

इंग्रजीत आलेल्या जपानी मालिकांची काटछाट म्हटलं की रक्त, सिगारेट, उघडं अंग हेच आधी आठवतं. ते झालंच. पण कात्री आधी चालली ती वेळापत्रकाची. नीतिमत्तेची कात्री तिच्या मागून आली.

त्याच हार्मनी गोल्डने कॅप्टन हार्लॉक या अंतराळातल्या चाच्याची ४२ भागांची मालिका आणि 'क्वीन मिलेनिया' ही ४२ भागांची दुसरी मालिका एकत्र केली. ८४ भागांतून बरोबर ६५ काढले. कथेचं काय झालं हे विचारू नका. चाचा एकीकडे, राणी दुसरीकडे, आणि दोघांनाही एकच युद्ध लढायला लावलेलं.

उलटा प्रकारही घडला. 'व्होल्ट्रॉन'साठी वर्ल्ड इव्हेंट्स या कंपनीने दोन जपानी मालिका घेतल्या. पाच सिंहांचा यंत्रमानव असलेल्या 'गोलायन'चे ५२ भाग होते, वाहनांच्या 'डायरगर'चे ५५. सिंह इतके खपले की ५२ संपल्यावर अमेरिकेसाठी आणखी २० नवे भाग काढून घेतले. वाहनांतले ५२ वापरले. एकूण १२४. जपानमध्ये संपलेली गोष्ट अमेरिकेच्या मागणीपोटी जपानमध्येच पुढे रंगवली गेली.

तरी सर्वसाधारण नियम वजाबाकीचाच. ही खातेवही बघा. 'ॲस्ट्रो बॉय', १९६३ पासून जपानमध्ये १९३ भाग, तेव्हा इंग्रजीत आले १०४. 'गॅचामन' १०५ भागांची, अमेरिकेत १९७८ साली 'बॅटल ऑफ द प्लॅनेट्स' या नावाने ८५. हार्लॉक आणि राणी ८४ चे ६५. 'सेलर मून'चे पहिले ८९ भाग, इंग्रजीत ८२. (इथेही तोच पासष्टचा पाढा. १९९५ साली ६५ भाग, मागाहून १७.) 'ड्रॅगन बॉल झेड'चे पहिले ६७ भाग, झाले ५३. 'कार्डकॅप्टर साकुरा' ७० भागांची, अमेरिकी दूरचित्रवाणीवर ३९. 'वन पीस'चे पहिले १४३ भाग, 'फोरकिड्स' या कंपनीच्या हातून १०४.

या सात खात्यांची तूट मांडली तर २१९ भाग होतात. एक भाग २२ मिनिटांचा धरला तर ४,८१८ मिनिटं, म्हणजे ऐंशी तास. झोप, जेवण सोडून सलग बघत बसलात तरी तीन दिवस आणि तिसऱ्या रात्रीनंतर पुढचे आठ तास. फिल्म सेकंदाला २४ चौकटी पळते, त्या हिशेबाने ६९ लाख ३७ हजार ९२० चौकटी. जपानी मालिकांत साधारण एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवतात, तेव्हा चित्रं फार तर २३ लाख. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण सेलर मूनचं रूपांतर किंवा यंत्रमानवाची जोडणी अशी ठरावीक दृश्यं भागाभागात पुन्हा वापरली जातात. तरीही ज्यांनी ती चित्रं काढली, रंगवली, त्यांच्या मेहनतीचा हा आकडा छोटा नाही. आणि ही सात खाती म्हणजे सगळा बाजार नव्हे.

शिवाय यात धरलेत ते केवळ भागांच्या संख्येतले फरक. जे भाग शिल्लक राहिले त्यांच्या पोटातून काय गेलं ते मोजणं आणखी कठीण. जपानी भागाला सुरुवातीचं गाणं दीड मिनिटाचं, शेवटचं दीड मिनिटाचं. ती दोन्ही गेली आणि जागी छोटं अमेरिकी शीर्षकगीत आलं. मग जाहिरातींसाठी आणखी काही दृश्यं. 'सेलर मून'च्या शेवटी 'सेलर सेज' नावाचा एक उपदेशाचा तुकडा चिकटवला, मुलांनी भाज्या खाव्यात, अभ्यास करावा वगैरे. त्याला लागणारा वेळही कथेतूनच कापून घ्यायचा. पहिल्या पर्वाच्या शेवटच्या दोन भागांत नायिकेच्या मैत्रिणी एकेक करून मरतात. इंग्रजीत ते दोन भाग पिळून एक केला आणि मैत्रिणींना मारण्याऐवजी कैदेत टाकलं.

हे काम होतं कसं, ते 'ड्रॅगन बॉल झेड'मध्ये जवळून बघण्यासारखं आहे. नायक गोकू सर्पमार्गावरून घसरून नरकात पडतो. तिथे दोन शिंगवाले राक्षस भेटतात, त्यांच्या बनियनवर रोमन लिपीत 'हेल' अशी चार अक्षरं. लहान मुलांच्या कार्यक्रमात नरक चालणार नाही. पण राक्षस तर जवळजवळ प्रत्येक दृश्यात आहेत, त्यांना कापलं तर भागच उरत नाही. मग कुणीतरी युक्ती काढली. 'ई'ची खालची आडवी रेघ पुसली, त्याचा 'एफ' झाला. पुढच्या 'एल'ची खालची रेघ पुसली, त्याचा 'आय' झाला. शेवटचा 'एल' तसाच. नरकाचा झाला 'एच-एफ-आय-एल', आणि त्याला 'कायमच्या पराभूतांचं घर' असा अर्थ चिकटवला. दोन रेघांचं काम. पण राक्षस हलतात, वळतात, कुस्ती खेळतात, म्हणून त्या दोन रेघा चौकटीगणिक पुसायच्या. सेन्सॉरगिरीचं कौतुक करावं असा प्रसंग विरळा, पण या पुसणाऱ्याच्या हाताला दाद द्यायला हवी. त्याच मालिकेत खलनायक विमानं आणि हेलिकॉप्टरं उडवतो तेव्हा एक पात्र घाईघाईने सांगतं की मला त्यांची पॅराशूट दिसताहेत. पडद्यावर पॅराशूट नाही. तिथे मात्र दाद नाही.

आपल्याकडे कार्टून नेटवर्कवर गोकू आला तो याच अमेरिकी आवृत्तीच्या वाटेने.

'वन पीस'चं गणित सगळ्यात महागात पडलं. फोरकिड्सने सांजी या पात्राच्या तोंडातली सिगारेट काढून लॉलिपॉप दिलं, त्यावर लोक आजही हसतात. खरं नुकसान दुसरीकडे झालं. ६२ व्या भागाच्या सुमारास लबून नावाचा एक देवमासा येतो, कुणाची तरी वर्षानुवर्षं वाट बघत डोंगरावर डोकं आपटणारा. भाग वाचवायला ही अख्खी उपकथा उडवली. जपानी कथाकार मात्र लांबच्या पल्ल्याचा. जवळपास तीनशे भागांनंतर ब्रूक नावाचा सांगाडा-वादक येतो आणि कळतं की देवमासा ज्यांची वाट बघत होता त्यांतला हाच एक. ज्यांनी फोरकिड्सची आवृत्ती पाहिली होती त्यांच्यासाठी या सगळ्या रडारडीला पायाच नव्हता. १४३ मधून ३९ काढताना पुढचे ३०० कसे असतील याचा अंदाज कुणाला असणार? तेव्हा तर ते सगळे बनलेलेही नव्हते.

घरी बघायच्या टेपवर निदान अख्खा माल मिळायला हवा होता. टेपला ना जाहिराती, ना सोमवार-शुक्रवार. पण सुरुवातीला टीव्हीसाठी कापलेली प्रतच टेपवर उतरवून विकली गेली. नवी प्रत बनवायला पैसे कोण घालणार? पुढे कंपन्यांच्या ध्यानात आलं की न कापलेल्या मालालाही गिऱ्हाईक आहे, आणि ते जादा मोजायला तयार आहे. 'ड्रॅगन बॉल झेड'चे पुढचे भाग मग दोन वेगळ्या टेपवर निघाले, एक कापलेली, एक न कापलेली. मेसेक यांच्याच स्ट्रीमलाइन कंपनीने नव्वदच्या दशकात 'रोबोटेक'च्या अशा टेप काढल्या की आधी अमेरिकी भाग, मग त्याच टेपवर उपशीर्षकांसह मूळ जपानी भाग. ज्याने शिवलं त्यानेच उसवून दाखवलं. मला हा त्या काळातला सगळ्यात प्रामाणिक व्यवहार वाटतो. तो संच पुरा मात्र झाला नाही.

टेपचा हिशेब खिशाला जड होता. 'निऑन जेनेसिस इव्हँजेलियन'चे २६ भाग अमेरिकेत १३ टेपवर आले, एका टेपवर दोन भाग. टेपची किंमत २५ ते ३० डॉलर, उपशीर्षकांची जास्त, इंग्रजी आवाजांची कमी. एक मालिका घरात आणायला सव्वातीनशे ते चारशे डॉलर. आणि टेपमध्ये एकच आवाज मावतो, म्हणून जपानी आणि इंग्रजी दोन्ही हवे असतील तर संच दोन.

हा पेच तंत्राने सोडवला. डीव्हीडीच्या मापदंडात ८ आवाजांच्या आणि ३२ उपशीर्षकांच्या वाटा आहेत. एका तबकडीत दोन्ही भाषा बसल्या आणि वेगळी प्रत काढायचं कारण संपलं. 'गॅचामन'चे १०५ भाग न कापता इंग्रजीत आले ते २००५ नंतर, म्हणजे मूळ मालिका सुरू झाल्यावर ३३ वर्षांनी. 'सेलर मून'चे २०० भाग नव्या आवाजांत अखंड येऊ लागायला २०१४ उजाडलं. 'यु-गि-ओ'च्या २२४ भागांपैकी न कापलेल्या इंग्रजी डीव्हीडी निघाल्या अवघ्या ९ भागांच्या, म्हणजे शंभरातले चार.

चित्रपटांचं प्रकरण थोडक्यात. हायाओ मियाझाकी यांचा 'नाउसिका' ११७ मिनिटांचा. १९८५ साली अमेरिकेत 'वॉरियर्स ऑफ द विंड' म्हणून आला तो ९५ मिनिटांचा, आणि त्याच्या पोस्टरवर चित्रपटात नसलेली माणसं. या २२ मिनिटांचा राग इतका टिकला की पुढे 'प्रिन्सेस मोनोनोके'च्या वेळी मियाझाकी यांचे निर्माते तोशिओ सुझुकी यांनी अमेरिकी वितरकाला एक जपानी तलवार भेट दिली, सोबत निरोप एवढाच की कापायचं नाही. तो चित्रपट २ तास १३ मिनिटांचा होता, तेवढाच दाखवला गेला.

मुंबईचे ॲनिमेटर राम मोहन यांचं नाव ज्याच्याशी जोडलेलं आहे तो जपानी 'रामायण' चित्रपटही यातून सुटला नाही. युगो साको यांच्या बरोबरीने केलेला हा चित्रपट १३५ मिनिटांचा. अमेरिकेत 'प्रिन्स ऑफ लाइट' या नावाने तो पुन्हा आवाज देऊन, बराच आटोपशीर करून आणला. रामाचा आवाज होता ब्रायन क्रॅन्स्टन यांचा. सात कांडांतून १३५ मिनिटांवर आणताना साको आणि राम मोहन यांनी जी निवड केली होती, तिच्यावर पुन्हा कात्री.

कापणं नेहमीच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. २००९ साली जपाननेच 'ड्रॅगन बॉल झेड' कापून 'काइ' आवृत्ती काढली. २९१ भागांचे १५९ केले, १३२ गेले. वरच्या खातेवहीतल्या कुठल्याही वजाबाकीपेक्षा ही मोठी. चाहत्यांनी ती आनंदाने घेतली, कारण मूळ मालिका हप्त्याहप्त्याने येणाऱ्या चित्रकथेच्या पुढे पळू नये म्हणून भागच्या भाग नुसते गुरगुरण्यात काढलेले होते. गेला तो भरणा, कथा राहिली. फोरकिड्सच्या १०४ मध्ये आणि 'काइ'च्या १५९ मध्ये फरक हाच की पहिल्यांनी काय काढायचं ते पुढचं न बघता ठरवलं, दुसऱ्यांनी शेवटपर्यंत बघून.

आता बाजाराची शेवटची गंमत. न कापलेल्या 'ड्रॅगन बॉल झेड'चे सगळे २९१ भाग दुकानात मिळत असताना, २०१३ साली फ्युनिमेशन कंपनीने 'रॉक द ड्रॅगन' या नावाचा संग्राहकांसाठीचा खास संच काढला. त्यात होते तेच जुने, कापलेले, पॅराशूटवाले ५३ भाग.