गोळी लघवीची, दुखणं फुप्फुसाचं
(लेखमाला : औषधं आणि आपण)

मागच्या भागात अँटिबायोटिकमुळे उठणारं पुरळ आणि लागणारे जुलाब पाहिले. ते निदान कळतात तरी. फुप्फुसाला येणारी सूज मात्र भल्याभल्यांना चकवते, कारण ती हुबेहूब न्यूमोनियासारखी दिसते.

याचं सर्वाधिक अभ्यासलेलं उदाहरण म्हणजे नायट्रोफ्युरॅन्टॉइन. १९५३ पासून वापरात असलेलं हे औषध लघवीच्या जंतुसंसर्गावर आजही पहिल्या पसंतीचं आहे. ते रक्तातून झपाट्याने लघवीत उतरतं. त्यामुळे त्याचा छातीशी संबंध असेल, असं कुणाच्या डोक्यात येत नाही.

समजा, साठीच्या एक बाई आहेत. लघवीला जळजळ म्हणून गोळ्या सुरू झाल्या. आठवडाभरात थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, जिना चढताना धाप. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी पांढुरके डाग. न्यूमोनिया समजून आणखी एक अँटिबायोटिक दिलं जातं आणि लघवीची गोळी चालूच राहते. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) वाढलेले असतात. पण आपल्याकडे ते वाढले की आधी जंतांवर संशय! खरं तर ही औषधाची अ‍ॅलर्जी असते. गोळी बंद केली की ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो. तीच गोळी पुन्हा घेतली, तर त्रास काही तासांतच उलटू शकतो.

दुसरा प्रकार जास्त वाईट. संसर्ग वारंवार होतो म्हणून रोज रात्री ५० किंवा १०० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्‌महिने चालते. सहा महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, दम लागू लागतो. ताप नसतो, म्हणून ‘वय झालं’ म्हणत दुखणं अंगावर काढलं जातं. पेशींत या औषधाचं विघटन होताना प्राणवायूचे दाहक रेणू तयार होतात आणि ते फुप्फुसाच्या ऊतींना इजा करतात, असं मानलं जातं. वेळीच थांबलं नाही तर फुप्फुसात कायमचे व्रण राहतात.

स्वीडनमध्ये १९६६ ते १९७६ या काळात या औषधाच्या दुष्परिणामांच्या ९२१ नोंदी झाल्या. त्यांत फुप्फुसाच्या तक्रारींचा वाटा मोठा होता. हा वाटा तक्रारींमधला, औषध घेणाऱ्यांमधला नव्हे. घेणाऱ्यांची संख्या पाहता हा त्रास विरळाच. तरीही ब्रिटनच्या औषध नियामकांनी एप्रिल २०२३ मध्ये डॉक्टरांना त्याची पुन्हा आठवण करून दिली. डॅप्टोमायसिन, मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकांनीही अशी सूज येऊ शकते.

म्हणून औषधाला घाबरून चार-पाच दिवसांचा कोर्स अर्धवट सोडू नका. पण गोळ्या चालू असताना ताप, खोकला किंवा धाप सुरू झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा आणि छातीच्या डॉक्टरांनाही लघवीच्या गोळीचं पाकीट दाखवा. औषधाचा दुष्परिणाम रुग्णालाही स्वतः नोंदवता येतो; त्यासाठी भारत सरकारचा टोल-फ्री क्रमांक आहे १८००-१८०-३०२४.